दोन वाजून चौदा मिनिटांची सावली

बिल्कीस नदाफ त्या शाळेत लागली होती गणित आणि परिसर अभ्यास शिकवायला. दीनियातचा तास तिच्याकडे आला तो अचानक. दिवाळीच्या सुट्टीनंतर दीनियात शिकवणाऱ्या बाई लग्न करून मलकापूरला गेल्या, आणि चौथीच्या एकतीस पोरांना धर्माचे धडे द्यायला कुणी उरलं नाही. शाळा कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत, मशिदीला लागून. मराठी माध्यमाची, पण मुस्लिम ट्रस्टची, म्हणून रोज एक तास दीनियातचा ठरलेला. मुख्याध्यापकांनी बिल्कीसला विचारलं, वर्ष संपेपर्यंत निभावून न्याल का. तिनं एका शब्दात हो म्हटलं. एकोणतीस वर्षांची होती, मूळची गडहिंग्लजची. बाप गाद्या भरणारा. वर्गासमोर उभं राहायची भीती तिला कधीच वाटली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की पोरांचं पाठांतर खणखणीत आहे. मशिदीचे इमाम हाफिज अब्दुलमजीद मुल्लाणी, ज्यांना सगळी पेठ हाफिजसाब म्हणायची, ते सकाळी पोरांकडून घोकून घ्यायचे. पाच नमाजांची नावं, प्रत्येकातल्या रकाती म्हणजे आवर्तनं, वजूच्या म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या पायऱ्या, सगळं एका दमात. मग तिनं सहज विचारलं, जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची वेळ कधी सुरू होते?

"भोंगा वाजला की," अर्शिया बागवान म्हणाली. तिचा बाप मंडईत फळं विकायचा. पोरगी पाठांतरात अडखळायची, पण प्रश्न विचारला की पहिला हात तिचा वर.

लाईट गेली तर? तर मोबाईल बघायचा. आणि मोबाईल नव्हते, घड्याळं नव्हती, तेव्हा?

पोरं एकमेकांकडं बघू लागली. शेवटी उजैर गवंडी मागून म्हणाला, "तेव्हा हाफिजसाब होते की."

बिल्कीसला हसू आलं, पण त्या उत्तरानं ती दिवसभर विचारात पडली. याआधी ती पेठ वडगावच्या एका शाळेत तीन वर्षं होती. तिथं पोरांना धडा वाचून दाखवण्याऐवजी ती कामाला लावायची. ओढ्याचं पाणी गाळायचं, गावातल्या विहिरी मोजायच्या, बाजारातल्या भाज्यांची नोंद ठेवायची. हातानं केलेलं पोरं विसरत नाहीत, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग दीनियातमध्ये हे का करू नये? नमाजाच्या वेळा तर सूर्यावरच ठरलेल्या. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर सुरू. ते ढळणं पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी का बघू नये?

ती हाफिजसाबांकडे गेली. ते मशिदीच्या पायरीवर उन्हात बसले होते. साठीचे, बारीक, बोलणं मोजकं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पाठांतराची परीक्षा दरवर्षीसारखीच होईल, एकही सवलत मिळणार नाही. त्याउपर काय करायचं ते करा.

"पाठही पक्का होईल आणि हेही होईल," बिल्कीस म्हणाली.

हाफिजसाबांनी तिच्याकडे जरा बघितलं. एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं ते त्यांना चटकन सुचलं नसावं. त्यांनी मान हलवली.

पहिली अडचण जागेची आली. सावली मोजायची तर दिवसभर ऊन पडणारी सपाट जागा हवी. शाळेच्या पटांगणाच्या दक्षिणेला तीन मजली मंगल कार्यालय उभं राहिलेलं, त्यामुळं थंडीच्या दिवसांत पटांगण दुपारीसुद्धा अंधारलेलं. मशिदीच्या छतावर पाण्याच्या टाक्या. मग बिल्कीसची नजर शाळेच्या मागच्या घरावर गेली. एकमजली घर, मोकळी गच्ची, आडोसा कसलाच नाही. ते घर झुंबरबाईंचं. मुलगा नोकरीला पुण्यात, म्हातारी एकटीच राहायची. शाळेतला चेंडू तिच्या अंगणात पडला तर ती तो परत द्यायची, पण आधी दहा मिनिटं ऐकवायची.

बिल्कीस दोन पोरांना घेऊन तिच्या दारात गेली आणि काय हवं ते सरळ सांगितलं. झुंबरबाईंनी विचारलं, सावली मोजून काय करणार? नमाजाची वेळ काढणार, असं अर्शियानं सांगितलं.

"आमी रानात तेच करत हुतो की," झुंबरबाई म्हणाल्या. "सावली पायाखाली आली की भाकरी सोडायची. या वर. पर पायताणं खाली काढायची आनि दनादना नाचायचं न्हाय. खाली माझ्या डोस्क्यावर वाजतंय."

अशी जागा मिळाली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काम सुरू झालं.

रीत सोपी होती. एका मोठ्या प्लायवूडच्या फळीवर दोन फुटांची काठी उभी करायची. काठीभोवती दीड फुटाच्या दोरीनं खडूचं वर्तुळ काढायचं. सकाळी सावली लांब असते, वर्तुळाच्या बाहेर. सूर्य वर चढेल तशी ती आखडत आत येते. तिचं टोक वर्तुळाला शिवलं की वेळ लिहायची. दुपारनंतर सावली परत वाढायला लागते आणि पलीकडच्या बाजूनं पुन्हा वर्तुळाला शिवते. ती वेळही लिहायची. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे सूर्य माथ्यावर असल्याची. तिथून पुढं तो ढळतो आणि जोहर सुरू होते.

रीत सोपी, पण पहिला आठवडा सगळा फसला. एका दिवशी उत्तर आलं साडेबारा, दुसऱ्या दिवशी एकला दोन मिनिटं कमी. सूर्य काही असा रोज अर्धा-अर्धा तास इकडंतिकडं होत नाही. पोरं एकमेकांवर खापर फोडू लागली. बिल्कीसनं कुणाला रागावलं नाही आणि उत्तरही सांगितलं नाही. काय चुकलं असेल त्याची यादी करा, एवढंच म्हणाली.

उजैरनं काठीकडं डोळा बारीक करून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी बापाचा ओळंबा घेऊन आला. त्याचा बाप गवंडी. दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन काठीशेजारी लोंबवलं, तेव्हा काठी चांगली दोन बोटं कललेली निघाली. मग त्यानंच सांगितलं की गच्चीलाही उतार असतो, नाहीतर पावसाचं पाणी जाणार कसं. फळीखाली विटांचे तुकडे सरकवून, वर बापाची बुडबुड्याची लेव्हल ठेवून त्यानं फळी सपाट केली. तिसरी चूक अर्शियाला सापडली. सकाळची वेळ एकीच्या घड्याळात बघितलेली आणि दुपारची दुसऱ्याच्या, आणि दोन घड्याळांत सात मिनिटांचा फरक. तेव्हापासून फक्त बिल्कीसच्या मोबाईलवरची वेळ धरायची ठरलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आकडे जुळायला लागले. बारा सेहेचाळीस. बारा सत्तेचाळीस. पुन्हा सत्तेचाळीस. पोरं खूश झाली आणि धावत मशिदीतला तक्ता बघायला गेली.

तो तक्ता मशिदीच्या आतल्या भिंतीवर होता. काचेच्या फ्रेममध्ये, सोनेरी किनार, वर्षभराच्या सगळ्या नमाजांच्या वेळा तारीखवार छापलेल्या. असे तक्ते कायमचे असतात, सूर्य दरवर्षी त्याच तारखेला त्याच वेळेला येतो म्हणून. खाली मोठ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव, दस्तगीर अत्तार. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तो भेट दिला होता, आता ते हयात नव्हते. पोरांनी त्या दिवसाची ओळ शोधली. जवाल, म्हणजे सूर्य माथ्यावर, बारा बावन्न.

पोरं तोंडं पाडून परत आली. आपा, आपलं चुकलं, असं एकजण बिल्कीसला म्हणाला. बिल्कीसलाही आधी तसंच वाटलं. तक्ता छापलेला, अकरा वर्षं लोक त्याच्यावर चाललेले, आणि इकडं काय तर एक काठी आणि खडू. आणखी तीन दिवस मोजा, तिनं सांगितलं. तीन दिवस मोजलं. दर वेळी फरक तेवढाच, पाच-सहा मिनिटं, आणि दर वेळी एकाच बाजूला. चूक असती तर कधी इकडं गेली असती, कधी तिकडं. हा फरक मात्र जागचा हलत नव्हता.

त्या संध्याकाळी खोलीवर चहा पिता पिता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं नकाशांचं पुस्तक काढून खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र पोरांना उत्तर दिलं नाही. पुस्तक वर्गात ठेवलं आणि एकच गोष्ट सांगितली. पृथ्वी एक रेखांश फिरायला चार मिनिटं घेते, आणि सूर्य पूर्वेकडच्या गावाला आधी भेटतो, पश्चिमेकडच्या गावाला नंतर.

पोरांनी कोल्हापूर शोधलं. मग पुणे बघितलं, सोलापूर बघितलं, रत्नागिरी बघितली. अर्शिया बोटानं नकाशावर डावीकडं सरकत गेली आणि मुंबईवर थांबली. मुंबई कोल्हापूरच्या पश्चिमेला, एका रेखांशाहून जास्त पण दीडाहून कमी. तिनं पाटीवर गुणाकार केला, पुसला, परत केला. पाच-साडेपाच मिनिटं.

"आपा," ती हळूच म्हणाली, "ह्यो तक्ता मुंबईचा हाय."

तिनं आवाज का खाली घेतला ते बिल्कीसला कळलं. दुपारची वेळ पाच मिनिटं पुढं असेल तर पहाटेची आणि संध्याकाळचीही असणार. आणि रमजान दहा दिवसांवर आला होता. रमजानमध्ये रोजा ठेवणारा पहाट फुटायच्या आत खाणं थांबवतो, त्या खाण्याला सहेरी म्हणतात. पहाट कोल्हापूरला पाच मिनिटं आधी होत असेल आणि लोक मुंबईच्या वेळेनं खात बसले असतील, तर रोजा सुरू झाल्यावरही घास तोंडात गेला, असा त्याचा अर्थ. नऊ-दहा वर्षांच्या पोरीलाही ते समजत होतं.

बिल्कीसनं वर्गाला सांगितलं की हे घरी जाऊन बोलायचं नाही, आधी मी हाफिजसाबांशी बोलते. त्याच दुपारी ती वही घेऊन मशिदीच्या पायरीशी गेली. हाफिजसाबांनी वहीतला एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मग वही मिटून मांडीवर ठेवली.

"रमजान तोंडावर आलाय," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय म्हणून तर आत्ता बोलतेय. ईदनंतर बोलून काय उपयोग?"

हाफिजसाबांनी ट्रस्टच्या अध्यक्षांना बोलावून घेतलं. अध्यक्ष मकबूलभाई अत्तार, तक्ता देणाऱ्या दस्तगीर अत्तारांचे थोरले चिरंजीव. पन्नाशीचे, अंगानं भारी, मंडईजवळ अत्तराचं आणि अगरबत्तीचं दुकान. ते आले तेच तापलेले. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. आपल्या वडिलांनी मशिदीला दिलेली वस्तू चुकीची आहे असं एक मास्तरीण चौथीच्या पोरांच्या तोंडून सांगते, हे त्यांना सहन झालं नाही. बिल्कीसची नेमणूक एका वर्षाची आहे आणि मार्चमध्ये तिचा विचार व्हायचा आहे, हेही त्यांनी बोलता बोलता सुनावलं.

"आता चौथीची पोरं मशिदीची वेळ ठरवणार व्हय?" त्यांनी विचारलं.

"पोरं वेळ ठरवत नाहीत, मकबूलभाई," बिल्कीस म्हणाली. "वेळ ठरलेलीच आहे. पोरं फक्त बघतायत. रविवारी तुम्हीही बघायला या. घड्याळ तुमचंच घेऊ."

तिचा आवाज चढला नव्हता. नोकरीचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण तिनं ती काठी रोज ओळंब्याला लावलेली पाहिली होती, ते आकडे रोज स्वतः तपासले होते. त्यात कच्चं काही उरलं नव्हतं. मकबूलभाईंना त्या शांतपणाचाच जास्त राग आला. येतो, म्हणाले, आणि चुकलं तर हा सगळा खेळ त्याच दिवशी बंद.

रविवारी अकराच्या सुमाराला सगळे झुंबरबाईंच्या जिन्याखाली जमले. एकतीसपैकी अठ्ठावीस पोरं आली होती. झुंबरबाईंनी नेमक्या त्याच आठवड्यात वर्षाच्या चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. अर्धी गच्ची लालभडक. वर पोहोचताच मकबूलभाईंना चार शिंका आल्या. हाफिजसाबांनी नाकाला रुमाल लावला. पोरं मात्र सवयीनं मिरच्यांच्या कडेकडेनं, पाय जपून फळीपाशी गेली.

उजैरनं ओळंबा लावून काठी सरळ असल्याचं दाखवलं, लेव्हल ठेवून फळी दाखवली. मकबूलभाई वाकून बघत होते. त्यांच्या दुकानाचं बांधकाम नुकतंच झालेलं, ओळंबा काय असतो ते त्यांना माहीत होतं. या एका गोष्टीनं त्यांचा चेहरा जरा बदलला. चेष्टा करायला आलेला माणूस तपासायला लागला.

सावलीचं टोक सरकत वर्तुळाला शिवलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर वेळ बघितली. अकरा वाजून वीस मिनिटं. अर्शियानं फळीच्या कोपऱ्यात ती लिहिली. मग ती त्यांच्याकडं वळली. पाठांतर म्हणताना खाली जाणारी तिची नजर आता सरळ त्यांच्यावर होती.

"आमचं म्हणनं हाय की सूर्य बारा सत्तेचाळीसला माथ्यावर येतो," ती म्हणाली. "म्हंजे अकरा वीसपासून सत्त्याऐंशी मिनिटं. तेवढीच मिनिटं पुढं गेली की सावली परत हितं शिवनार, दोन वाजून चौदा मिनिटांनी. तक्ता म्हनतो बारा त्रेपन्न. तक्ता बरोबर असंल तर ती दोन सव्वीसला शिवंल. बारा मिनिटांचा फरक हाय, साध्या डोळ्यांनी दिसंल."

तिनं दोन्ही वेळा फळीवर लिहिल्या. एका बाजूला २.१४, दुसऱ्या बाजूला २.२६. हाफिजसाबांनी त्या पोरीकडं असं बघितलं की जणू पहिल्यांदाच बघतायत. मग सगळे खाली उतरले.

मधले दोन-तीन तास पोरांना जड गेले. दीड वाजता पुरुषमंडळी जमातीनं, म्हणजे एकत्र, नमाज पढायला गेली. झुंबरबाईंनी पोरांना ताकाचे पेले दिले आणि मिरच्या उलट्यापालट्या करायला लावल्या. बिल्कीसनं वर जाऊन एकदाही फळी बघितली नाही. तिनं एका मुलीची वेणी सोडून परत घालून दिली.

दोनला पाच मिनिटं असताना सगळे पुन्हा वर. या वेळी नमाजाहून आलेले आणखी सात-आठजण मागोमाग आले. गच्चीवर उभं राहायला जागा नव्हती. सावली वाढत होती. दोन वाजून दहा मिनिटांनी टोक वर्तुळापासून एका बोटावर होतं. मकबूलभाई गुडघ्यांवर बसले, मोबाईल फळीवर ठेवला. दोन बारा. दोन तेरा. मोबाईलवर चौदाचा आकडा आला आणि सावलीचं टोक खडूच्या रेघेला टेकलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बिल्कीसनं त्यांना आधीच तसं बजावलं होतं. मकबूलभाई उठले नाहीत. ते तिथंच बसून राहिले. लोक कंटाळून कठड्याला टेकले, एक-दोघे शिंकत खाली गेले. मकबूलभाई दोन सव्वीसपर्यंत बसले. तोवर सावली रेघेच्या बाहेर दोन बोटं निघून गेली होती. मग त्यांनी हात टेकून उठायचा प्रयत्न केला, आणि उजैरनं त्यांना हात दिला.

उभे राहिल्यावर त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. बिल्कीसला वाटलं होतं की ते चिडतील. ते चिडले नाहीत. ते हाफिजसाबांकडं वळले आणि अगदी खालच्या आवाजात बोलले.

"अब्बांनी सवाब म्हणून, पुण्य लागावं म्हणून दिला हुता हो तक्ता. अकरा वर्षं लोकांनी त्याच्यावर सहेरी केली. त्या सगळ्यांचे रोजे... ते वझं अब्बांच्या डोक्यावर गेलं का?"

तेव्हा बिल्कीसला उलगडलं की आठवडाभर हा माणूस कशामुळं तापला होता. त्याला मानापमानाची फिकीर नव्हती. कबरीतल्या बापाची काळजी लागली होती. तिनं हाफिजसाबांकडं बघितलं.

हाफिजसाबांनी रुमाल खिशात ठेवला. आपण शिकत होतो तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांचे उस्ताद फार काटेकोर. छापलेल्या वेळेवर कधीही शेवटच्या मिनिटापर्यंत जायचं नाही, छापणाराही माणूस आहे, असं ते शिकवायचे. सहेरी वेळेच्या दहा मिनिटं आधी संपवायची. ही शिस्त हाफिजसाबांनी आयुष्यभर पाळली होती.

"मी भोंग्यावर सहेरी बंदचं ऐलान कधी करतो?" त्यांनी जमलेल्यांना विचारलं. "तक्त्याच्या दहा मिनिटं आधी. तुम्ही सगळे मला त्यावरून नावं ठेवता, ते मला माहीत आहे. घड्याळात वेळ शिल्लक आहे आणि हाफिजसाब ताटावरून उठवतात, असं म्हणता. पाच मिनिटांची चूक त्या दहा मिनिटांत बुडून गेली. रोजे सलामत आहेत, मकबूलभाई. संध्याकाळी आपण रोजा सोडायला पाच मिनिटं उशीर केला, एवढंच. तरी असल्या मसल्यांवर निकाल देणाऱ्या मोठ्या मुफ्तीसाहेबांना मी विचारून घेतो."

मकबूलभाईंनी डोळे मिटले आणि ओठांत काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात उजैर, ज्यानं मागच्या वर्षी आयुष्यातले पहिले तीन रोजे ठेवले होते, त्याच्या डोक्यात हिशेब पूर्ण झाला.

"म्हंजे आपन पाच मिनिटं उगंच उपाशी बसलो?"

आधी हाफिजसाब हसले. मग सगळी गच्ची हसली. झुंबरबाईंना काय झालं ते नीट कळलं नव्हतं, त्यांनी बिल्कीसला बाजूला घेऊन विचारून घेतलं आणि मग त्याही हसल्या.

त्याच दुपारी हाफिजसाबांनी तक्ता भिंतीवरून उतरवला. आपल्याच हातानं मागचे खिळे काढले, काच बाजूला केली. सोनेरी किनारीखाली कागदाचा जो भाग दबला होता त्यावर बारीक अक्षरांत एक ओळ होती, मुंबई आणि उपनगरांसाठी. फ्रेम करणाऱ्यानं कागद मावेना म्हणून खालची पट्टी दुमडून टाकली होती. अकरा वर्षं ती ओळ तिथंच होती.

दोन दिवसांत मुफ्तीसाहेबांचा निरोप आला. रोज्यांबद्दल हाफिजसाबांचं म्हणणं बरोबर आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि कोल्हापूरच्या वेळांचा तक्ता पाठवला. पोरांनी त्यातली जवालची ओळ आपल्या वहीशी ताडून बघितली. एका मिनिटाचा फरक निघाला. त्यावर वर्गात एक अख्खा तास वाद झाला. मोजमापात एवढं मागंपुढं होणारच, असं शेवटी ठरलं. नवीन तक्ता छापायचा खर्च मकबूलभाईंनी केला. खाली वडिलांचं नाव ठेवावं की नाही याचा त्यांना संकोच वाटत होता. अर्शियानं विचारलं, त्यांनी जुना तक्ता दिला नसता तर आम्ही चूक कुठली शोधली असती? नाव राहिलं. रमजानच्या चंद्राच्या आदल्या दिवशी तक्ता भिंतीवर लागला.

ईद झाली. दीनियातची तोंडी परीक्षा ठरल्याप्रमाणं झाली, सवलत कुणालाच मिळाली नाही. अर्शिया दोनदा अडखळली, दोन्ही वेळा स्वतःच सावरली आणि पास झाली. मार्चअखेर ट्रस्टची बैठक बसली. बिल्कीसला आत बोलावून मकबूलभाईंनी सांगितलं की नेमणूक कायम करतोय, आणि पुढच्या वर्षी तिसरीचा दीनियातही तुमच्याकडं. तिनं आभार मानले आणि लगेच मागणी केली. आठवड्यातून एकदा दीनियात आणि परिसर अभ्यासाचे तास जोडून द्या, पाऊण तासात मोजमाप होत नाही. मकबूलभाई मुख्याध्यापकांकडं बघत म्हणाले, द्या म्हणजे झालं, नाहीतर त्या आपल्यालाच कुठल्या गच्चीवर नेतील.

एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेच्या दिवसांत, हाफिजसाब स्वतःहून वर्गाच्या दारात आले. पोरं उठून उभी राहिली. त्यांनी हातानंच खाली बसवलं आणि बिल्कीसला बाहेर बोलावलं. पुढचा प्रकल्प वजूच्या पाण्याचा आहे, मशिदीच्या नळावर एका माणसाला किती पाणी लागतं ते पोरं मोजणार आहेत, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"तुम्ही शोधायच्या आधी मीच सांगतो," ते म्हणाले. "तीन नळ गळतायत. प्लंबरला सांगून ठेवलंय, उद्या येईल."

"त्याला सोमवारी बोलवा, हाफिजसाब," बिल्कीस म्हणाली. "एका रात्रीत किती गळतं ते पोरं आधी मोजतील. बादल्या आणायला सांगितल्यात मी."

हाफिजसाबांनी दाढीवरून हात फिरवला. मग आपला जुना मोबाईल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिथंच उभं राहून प्लंबरचा नंबर शोधायला लागले.